बुखाऱ्यात राहिलेल्या दोघी

मी उझबेकिस्तानात डॉक्टरी शिकले हे कळलं की लोकांना समरकंदविषयी ऐकायचं असतं. निळे घुमट, त्या उंच कमानी, भिंतींवरची नक्षी. मला जेवढं आठवतं तेवढं मी सांगते. पण पहिल्या वर्षीच्या सहलीत मी समरकंद अर्धंच पाहिलं, बुखाऱ्यातली एकच जागा पाहिली, आणि खिवापर्यंत तर पोचलेच नाही. तरीही त्या सहलीने मला जे दिलं ते आजपर्यंत पुरलं आहे. कोणाकोणाचे उपकार आहेत ते एकदा लिहून ठेवावं, म्हणून हे लिहिते आहे.

मी भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरची. बाबा एका राइस मिलमध्ये मिस्त्री आहेत. धान भरडायची आणि तांदळाला पॉलिश करायची यंत्रं तेच सांभाळतात. लहानपणी ते घरी आले की आधी अंगणात उभे राहून केसांत बसलेला धानाचा कोंडा झटकायचे, मग आत यायचे. बारावीनंतर मी दोनदा मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली, पण सरकारी कॉलेजपर्यंत गुण पोचले नाहीत. मग ओळखीच्या एकाने परदेशाचं सुचवलं, बाबांनी महिनाभर विचार केला, आणि एक दिवस जेवताना म्हणाले, "जाय तू. इथी बसून तिसऱ्यांदा रडण्यापेक्षा तिथी जाऊन शिक."

होस्टेलमध्ये एका खोलीत आम्ही चौघी होतो. पहिल्या दिवशी कॉटवर बसून ओळखी झाल्या. एक पुण्याची होती, एक लखनौची. दोघींचं इंग्रजी पाण्यासारखं वाहायचं. तिसरी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. तिने आपल्या गावाचं नाव, तालुका, जिल्हा सगळं मोठ्या आवाजात सांगितलं, आणि वर म्हणाली, "एवढं नकाशात सापडत नाही, त्याच्यानं तुम्ही शोधू नका." सगळ्या हसल्या. मग माझी पाळी आली.

"नागपूर," मी म्हणाले.

का म्हणाले, हे मी पुढे कितीतरी वेळा स्वतःला विचारलं. तुमसरमध्ये लाज वाटावी असं काहीच नव्हतं. पण त्या खोलीत, त्या दोघींच्या समोर, 'तुमसर' हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. बालाघाटवालीने भुवया उंचावल्या. "नागपुरात कोठी?" तिने विचारलं. मी सीताबर्डी सांगून मोकळी झाले. त्या दिवसापासून मी जपून बोलायला लागले. 'मले', 'तुले' तोंडात आलं की गिळायचं, पुस्तकातलं मराठी बोलायचं. बाबांचा फोन आला की गॅलरीत जायचं.

डिसेंबरमध्ये एकदा बाहेर बर्फ पडत होता म्हणून मी फोन घेऊन गॅलरीत गेले नाही, जिन्यात उभी राहून बोलले. मामा आमच्याकडे यायचे होते, त्यांची गाडी तुमसर रोड स्टेशनवर किती वाजता लागते एवढंच बोलणं झालं. बालाघाटवाली जिना चढत होती. तिने ऐकलं. त्याच दुपारी मेसमध्ये भरल्या टेबलावर ती आनंदाने ओरडली, "अगं, तू त् तुमसरची होय! काहून नागपूर सांगतेस? आमच्या गावावरून निघालं, बपेऱ्याजवळ नदी वलांडली, का तासाभरात तुमसर!"

टेबलावर हशा पिकला. पुण्याची मुलगी म्हणाली, "म्हणजे सीताबर्डी तुमसरमध्ये आहे का?" पुन्हा हशा. त्यानंतर काही दिवस मला 'सीताबर्डी' म्हणूनच हाक मारायचे. मी बालाघाटवालीशी बोलणं बंद केलं. ती दोनदा बोलायला आली, मी उत्तर दिलं नाही. मग तिनेही सोडून दिलं. साडेतीन महिने आम्ही एका खोलीत राहिलो, एकमेकींच्या पलंगांत दोन हातांचं अंतर, आणि एक शब्द नाही.

मार्चच्या शेवटी कॉलेजने परदेशी विद्यार्थ्यांची सहल काढली. समरकंद, बुखारा, खिवा. आम्ही तीसेक जण होतो. सोबत शरीररचना शिकवणाऱ्या मॅडम होत्या, तिथल्याच, कडक पण मनाने चांगल्या. बसचे चालक पन्नाशीचे गृहस्थ होते, स्वतः बुखाऱ्याचे.

समरकंदला पहिल्या दिवशी मी खूप फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दुपारपासून पोटात कालवायला लागलं. एका मोठ्या थडग्याच्या इमारतीत सगळे मान वर करून छताचं सोनेरी काम बघत होते, आणि मी भिंतीला टेकून थंड फरशीवर बसले होते. बस बुखाऱ्याकडे निघाली तेव्हा मला हुडहुडी भरली होती. रस्त्यात तीनदा बस थांबवावी लागली. शेवटच्या वेळी तर मी दारापर्यंतही पोचू शकले नाही. याहून जास्त लिहीत नाही. एकोणीस वर्षांच्या मुलीला तीस जणांच्या बसमध्ये तसं होणं म्हणजे काय, ते समजून घ्यावं.

बुखाऱ्यात शिरल्याबरोबर मॅडमनी मला एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, दोन सलाइन लावल्या, औषधं लिहून दिली आणि मॅडमना सांगितलं, "घाबरण्यासारखं नाही. पण हिला तीन दिवस प्रवास नको." खिवा तिथून आणखी सात-आठ तास, सगळी वाट वाळवंटातून. मॅडम अडचणीत आल्या. बाकीच्यांना सोडून त्यांना राहता येईना, आणि मला एकटीला हॉटेलवर टाकून जाता येईना.

तेव्हा चालक पुढे झाले. "माझी मोठी बहीण इथेच राहते," ते म्हणाले. "तीस वर्षं मुलांच्या इस्पितळात नर्स होती. आता घरीच असते. तिच्याकडे ठेवा. परतताना घेऊन जाऊ."

मॅडमनी फोनवर त्या बाईंशी बराच वेळ बोलून घेतलं, मग माझ्या बाबांना फोन लावला. बाबांना इंग्रजी येत नाही. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकून माझ्यापुढे धरला. मी रडत होते.

"कोण बाई आहे ते?" बाबांनी विचारलं.

"ड्रायव्हरची बहीण. नर्स होती."

बाबांच्या मागे मिलचा आवाज येत होता. "तू एकटीच राहशीन का तिथी?"

तेवढ्यात दवाखान्याच्या दारातून आवाज आला, "एकटी नाही राहत, काका. मी राहतो हिच्यासंगं."

ती बालाघाटवाली होती; आमच्या बोलीत बायकाही 'राहतो'च म्हणतात. तिच्या हातात माझी बॅग होती. बसमधून उतरताना मला तर बॅगेचं भानही नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "अगं, तुझी खिवाची सहल बुडेल." ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "खिवा कुठे पळून जाणार आहे, मॅडम?" मॅडमना हसू आलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि एवढ्यावर ते ठरलं.

ओपाचं घर दोन खोल्यांचं होतं. 'ओपा' म्हणजे त्यांच्या भाषेत मोठी बहीण, ताई. आम्ही तिला तेच म्हणायला लागलो. साठीची, ठेंगणी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल घट्ट बांधलेला. नवरा नव्हता, दोन्ही मुलं रशियात बांधकामावर होती. तिने माझा हात धरून आत नेलं, जमिनीवर अंथरलेल्या जाड गाद्यांवर झोपवलं, आणि पहिलं काम काय केलं, तर माझ्या हाताची चामडी दोन बोटांत धरून उचलली आणि सोडली, अंगातलं पाणी किती कमी झालंय ते पाहायला. मग जीभ बघितली. मला एकदम बरं वाटलं. तिला कळतंय, असं वाटलं. मीही डॉक्टरच होणार होते, पण त्या घडीला मी फक्त आजारी होते.

मिठासाखरेचं पाणी तिने मोजून केलं आणि बालाघाटवालीच्या हातात चमचा दिला. दर थोड्या वेळाने एक चमचा, जास्त नाही, हे बोटांनी दाखवलं. बालाघाटवाली माझ्या उशाशी मांडी घालून बसली. मी डोळे मिटून घेत होते, कारण तिच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. ती मात्र काहीच झालं नसल्यासारखं म्हणाली, "बाप्पा, आख्ख्या दुनियेत तुले बुखाऱ्यातच येऊन बुखार यायचा होता!"

मला हसायचं नव्हतं. पण हसू आलं, आणि हसताना पोट दुखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा ताप उतरला होता. खोलीत कोणी नव्हतं. उघड्या दारातून अंगण दिसत होतं, जर्दाळूचं झाड पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेलं, आणि त्या झाडापासून भिंतीपर्यंत बांधलेल्या दोरीवर माझे कपडे. बसमध्ये अंगावर होते ते. कुर्ता, सलवार, आतलेसुद्धा. सगळे धुतलेले, नीट झटकून वाळत घातलेले.

ते ओपाने धुतले असतील असं मी मनाशी ठरवलं. नर्स होती, तिला सवय असेल. बालाघाटवाली आत आली तेव्हा तिचे हात लाल झालेले, बोटांची टोकं सुरकुतलेली दिसली. मार्चमधलं तिथलं नळाचं पाणी बर्फासारखं असतं.

"तू धुतलेस?" मी विचारलं. साडेतीन महिन्यांत तिला उद्देशून बोललेला तो माझा पहिला शब्द.

"मंग कोण धुईन? ते म्हातारी? ते मले हात लावू नाही देत होती, मीच जबरदस्ती बादली घेतली." एवढं बोलून ती माझ्या औषधाची पट्टी शोधायला लागली.

मला रडू फुटलं. ती गोंधळली. "काहून रडून राहिली? दुखते का? ओपाले बलावू?"

"नाही," मी म्हणाले. "माझं चुकलं. मी इतके दिवस..."

ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "चुकलं त् माह्यंही. मले खरंच नव्हतं माहीत तुले एवढं लागन. मले वाटलं मजाक आहे. आमच्या घरी दिवसभर हेच चालते, एकमेकाची फिरकी." पुढे म्हणाली, "पण तुले एक सांगू? पयल्या दिवशी, ओळखीच्या आधी, तू बॅग उचलताना स्वतःशीच बोलली, 'हे चाक काहून फिरून नाही राहिलं.' मी बाजूलेच होतो. मले इतकं बरं वाटलं! म्हटलं चला, एवढ्या दूर आपल्याकडची कोणीतरी भेटली. अन् मंग तू नागपूर सांगतलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नदीच्या अलीकडची मी, पलीकडची ती, मधे फक्त दोन राज्यांची सीमा. आमच्या घरांतली बोली एक, भाजी एक, लग्नातली गाणी एक. पहिल्याच मिनिटात तिला आपल्याकडची जी मुलगी सापडली होती, तिला मीच लपवून ठेवलं होतं.

"मले माफ कर," मी म्हणाले.

"झालं आता," ती म्हणाली. "तोंड धुऊन घे."

दुपारपर्यंत मला भूक लागली. ओपाने एक परात पुढ्यात घेतली, त्यात तांदूळ ओतले आणि निवडायला बसली. चष्मा नाकावर, एकेक खडा शोधत. बालाघाटवालीने पाचेक मिनिटं धीर धरला. मग उठली, ओपाच्या हातातून परात घेतली, अंगणात जाऊन उभी राहिली आणि सुपासारखी पाखडायला लागली. तांदूळ वर उडायचे, परातीत परत यायचे, कोंडा आणि कचरा वाऱ्यावर निघून जायचा, खडे एका कडेला जमायचे. एक दाणा खाली पडला नाही. ओपा दारात उभी राहून बघत राहिली. मग टाळ्या वाजवल्या आणि भिंतीवरून शेजारणीला हाक मारून बोलावलं, "ये, ये, हिंदुस्थानची मुलगी काय करते बघ!"

मीही मागे राहिले नाही. एक दाणा दाताखाली फोडून बघितला आणि म्हणाले, "पॉलिश कमी आहे याला." बाबांकडून शिकलेलं. बालाघाटवालीने लगेच ते ओपाला खाणाखुणांनी समजावलं, माझे वडील काय काम करतात तेही. यंत्राचा आवाज तोंडाने काढून दाखवला. घरर्र घरर्र. ओपाला कळलं. तिने न भरडलेल्या धानाला त्यांच्याकडे काय म्हणतात ते सांगितलं, 'शोली'. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. साळ! आणखी काय काय जुळतं ते शोधायचा मग आम्हाला नादच लागला. प्याजला पियोज, अनारला अनोर.

चुलीवरचं भांडं उघडलं तेव्हा खोलीभर वास सुटला. त्यात मूग फुटेपर्यंत शिजवलेले होते, वरून तांदूळ घातले होते, तेलात लालसर केलेला कांदा होता. "याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"मोशकिचिरी," ओपा म्हणाली.

"काय?"

"मोश," तिने मूग दाखवले. मग भांड्याकडे हात केला. "किचिरी."

बालाघाटवाली ओरडलीच. "खिचडी! अवो ओपा, खिचडी होय ते! आमच्या घरी पोट बिघडलं का हेच!" तिने आपलं पोट चोळून दाखवलं, आजारी चेहरा केला, मग घास खाऊन बरं झाल्याचा चेहरा केला. ओपा हसत हसत भिंतीला टेकली. तिनेही आपलं पोट चोळलं. तीस वर्षं आजारी मुलांच्या आयांना तिनेही हेच सांगितलं असणार.

मी ती खिचडी दह्याबरोबर खाल्ली. हळद नव्हती, चव आईच्या हातची नव्हती. त्यांच्याकडे यात मांस घालतात, पण बालाघाटवाली खात नाही हे कळल्यावर ओपाने ते तीन दिवस वेगळं भांडं केलं, आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी मी चालायला लागले होते. बालाघाटवालीने काही बोलून दाखवलं नाही, पण तिची सहल माझ्यामुळे बुडाली आहे हे मला डाचत होतं. मी ओपाला म्हणाले, "हिला तरी काहीतरी दाखवा." ओपाने माझ्याकडे बघितलं, माझी नाडी बघितली, आणि म्हणाली, "जवळ एक जागा आहे. तिघी जाऊ. हळूहळू."

तिने आम्हाला एका तलावावर नेलं. जुन्या शहराच्या मधोमध चौकोनी तलाव, चारही बाजूंनी दगडी पायऱ्या, काठावर शेकडो वर्षांची तुतीची झाडं. आजूबाजूला प्रवासी फोटो काढत होते. आम्ही एका बाकावर बसलो. बालाघाटवालीने इकडून तिकडून बघून घेतलं. "ही त् बोडी होय," ती म्हणाली. शेताजवळच्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. "फक्त दगडानं बांधली आहे. आपल्याकडे माती खचते, इथी खचत नाही."

ओपाने मग जे सांगितलं ते एखाद्या गाइडने सांगितलं असतं की नाही कोण जाणे. निम्मं फोनमधल्या भाषांतरातून, निम्मं हातांनी. पूर्वी सगळं बुखारा अशाच तलावांचं पाणी प्यायचं. चामड्याच्या पखाली भरून पाणी घरोघर विकायचे. लोक त्यातच हातपाय धुवायचे. त्या पाण्यातून लोकांच्या पायात किडा व्हायचा. तिच्या आजीला झाला होता. ओपाने आपल्या पोटरीवर बोटाने रेघ ओढली. कातडीतून दोरा निघावा तसा तो निघायचा, काडीला गुंडाळत गुंडाळत, दिवसाला थोडासाच. घाईत ओढला तर आत तुटायचा. मग सरकारने तलाव आटवले, नळ आणले, आणि तो रोग गेला. म्हणूनच इतके थोडे तलाव उरलेत.

मला त्या आजाराचं इंग्रजी नाव माहीत होतं, परीक्षेपुरतं. संध्याकाळी बाबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "अगं, तो त् नारू. तुया आजोबाच्या पायाले होता. डाव्या. आम्ही लहान होतो तवा त्यायनं दोन महिने पाय हलवला नव्हता, धानाच्या रोवण्याचे दिवस निघून गेले होते." आजोबांच्या पायावरचा तो लांब व्रण मी लहानपणी रोज बघितला होता. कुऱ्हाड लागली असेल असं समजून कधी विचारलं नव्हतं.

ज्या इमारती पाहायला आम्ही आलो होतो त्या राजांनी बांधल्या होत्या, आणि त्या सुंदरच आहेत. पण त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा कळलं की इतिहास माझ्या घरातही झाला आहे. आणि मी निवडलेल्या विद्येने तो बदलला आहे. तोवर मी डॉक्टर होत होते ते बाबांना हवं होतं म्हणून, दोनदा नापास झाले होते म्हणून. त्या दिवसानंतर थोडं वेगळं वाटायला लागलं. एकदम नाही. पण थोडं.

चौथ्या दिवशी बस परतली. मुलं खिव्याचे फोटो दाखवायला लागली. ओपाने मॅडमना माझ्या औषधांची यादी दिली, आणि मला काय खायचं नाही ते दोनदा बजावलं. आम्ही दोघी तिच्या गळ्यात पडलो. बस वळेपर्यंत ती छातीवर हात ठेवून उभी होती. तिथे निरोप तसाच देतात.

पुढच्या पाच वर्षांत आम्ही ओपाकडे तीनदा गेलो. दुसऱ्या खेपेला तिने रुमाल नवा बांधला आणि स्वतः आम्हाला सगळं शहर दाखवायला निघाली. मोठ्या मनोऱ्याशी आल्यावर कबूल केलं की मुलं लहान होती तेव्हापासून ती इकडे आलीच नव्हती. "इस्पितळ आणि घर, घर आणि इस्पितळ," ती म्हणाली. एका मदरशाच्या अंगणात तिकिटाच्या खिडकीवरच्या माणसाने आम्हाला परदेशी म्हणून वेगळ्या रांगेत जायला सांगितलं, तर तिने त्याला असं झापलं की तो उठून उभा राहिला. "या माझ्या मुली आहेत," ती म्हणाली. आम्हाला सरळ आत सोडलं.

डॉक्टरी पूर्ण करून आम्ही भारतात परतलो. बाहेरून शिकून आलेल्यांना इथे एक परीक्षा द्यावी लागते. बालाघाटवाली पहिल्या खेपेला पास झाली, मी झाले नाही. मी आठ दिवस घराबाहेर पडले नाही. नवव्या दिवशी ती बपेऱ्यावरून बसने आली, तिच्या नोट्सचं गाठोडं घेऊन, आणि आईला म्हणाली, "काकू, मी इथीच राहतो काही दिवस. भाकर जास्त टाका." दोन आठवडे राहिली. सकाळी चारला मला उठवायची, प्रश्न विचारायची, चुकलं की डोक्यात पुस्तक मारायची. आई म्हणायची, "ही पोरगी आपलीच राहून गेली वाटते." पुढच्या खेपेला मी पास झाले. निकाल बघून मी पहिला फोन तिला केला, बाबा शेजारी उभे असताना. बाबांना राग आला नाही.

आता ती तिकडे बालाघाटला एका सरकारी दवाखान्यात आहे आणि मी इकडे भंडाऱ्याला. ओपा आठवड्यातून एकदा फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवते. तिचा धाकटा मुलगा रशियातून कायमचा परत आला आहे, त्याचं लग्न ठरलं आहे. आम्ही दोघींनी रजा मागून ठेवली आहे.

यंदा रोवण्याच्या, म्हणजे धान लावणीच्या दिवसांत मी दोन दिवस तिच्या गावी गेले होते. राइस मिलच्या मिस्त्रीची मुलगी असून मी आयुष्यात कधी बांधीत, धानाच्या खाचरात, उतरले नव्हते. तिच्या आईने माझ्या हातात धानाच्या रोपांची जुडी दिली, अंगठा आणि दोन बोटांनी रोप चिखलात कसं खोचायचं ते दाखवलं. चिखल गुडघ्यापर्यंत, पाठीवर ऊन. माझ्या डाव्या हाताला मैत्रीण, उजव्या हाताला तिची आई आणि गावातल्या पाच-सहा बाया, सगळ्या वाकून मागे मागे सरकत होत्या, आणि माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागत होतं.

"डॉक्टरीनबाई," तिची आई म्हणाली, "पेशंट नाही होय ते. घाबरत घाबरत नको लावू."

बाया हसल्या. मीही हसले. दुपारी बांधावर बसून भाकर खाताना मी मैत्रिणीला म्हणाले की मी तुझे आभार कधी नीट मानलेच नाहीत. तिने कांद्यावर मूठ मारली, अर्धा माझ्याकडे सरकवला, आणि म्हणाली, "बाप्पा, आता भाषण नको देऊ. जेव. अजून अर्धी बांधी बाकी आहे."

आम्ही जेवलो आणि परत चिखलात उतरलो.